पोर्ट २२ आणि मागे राहिलेल्या किल्ल्या

मी पुण्यात सर्व्हर सांभाळण्याचं काम करते. या कामाच्या इतिहासात १९९५ हे वर्ष फार मोलाचं. त्याआधी दूरच्या संगणकावर लॉगिन करायचं म्हणजे टेलनेट, नाहीतर आरलॉगिन. टेलनेटवर टाइप केलेला पासवर्ड जसाच्या तसा नेटवर्कवरून जाई. वाटेत कुणी कान लावून बसला असेल तर त्याला तो आयताच मिळे. आरलॉगिनमध्ये तर भरवशाच्या मशीनची नावं एका फाइलमध्ये लिहून ठेवली, की तिथून येणाऱ्याला पासवर्ड विचारतच नसत.

त्या वर्षी हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर अशीच पासवर्डची चोरी झाली. तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने उपाय म्हणून एसएसएच हे सुरक्षित लॉगिनचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि जुलैमध्ये फुकट वाटलं. नेटवर्कवरच्या प्रत्येक सेवेला पोर्ट क्रमांक लागतो. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३. मधला २२ रिकामा होता, तो त्याने क्रमांक वाटणाऱ्या संस्थेला ईमेल पाठवून मागितला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला मिळाला. पुढे त्याची कंपनी झाली, परवान्याच्या अटी आवळत गेल्या. तेव्हा ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या मंडळींनी जुन्या, मोकळ्या आवृत्तीवरून १९९९ मध्ये ओपनएसएसएच उभं केलं. लिनक्स सर्व्हरवर आज आपण वापरतो ते हेच.

एसएसएचने पासवर्डला पर्याय दिला तो किल्ल्यांच्या जोडीचा. खासगी किल्ली आपल्या लॅपटॉपवर, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर. आपण खासगी किल्लीने सही करतो, सर्व्हर ती सार्वजनिक किल्लीशी पडताळतो. खासगी किल्ली लॅपटॉप सोडून कुठेच जात नाही. योजना अप्रतिम आहे, आणि इतकी वर्षं वापरूनही माझा तिच्याबद्दलचा आदर कमी झालेला नाही.

पण सर्व्हरवर सार्वजनिक किल्ल्या ज्या फाइलमध्ये राहतात ती उघडून बघा. ‘ऑथराइज्ड कीज’ तिचं नाव. एका ओळीत एक किल्ली: आधी प्रकार, मग अक्षरांची लांबलचक माळ, शेवटी शेरा. शेऱ्यात बहुधा किल्ली बनवणाऱ्याचं लॉगिन आणि त्याच्या मशीनचं नाव असतं. हा शेरा कुणीही काहीही लिहू शकतो, सर्व्हर तो तपासत नाही. ओळ कधी घातली, कुणाच्या सांगण्यावरून, हेही तिथे नसतं. मी जुने सर्व्हर ताब्यात घेते तेव्हा नोकरी सोडून गेलेल्यांची नावं या शेऱ्यांत हमखास सापडतात. माणूस गेला, ईमेल बंद झाला, किल्ली तशीच चालू.

किल्ल्यांची नोंद नसण्याची किंमत २००८ च्या मे महिन्यात सगळ्यांना कळली. डेबियन या लिनक्स वितरणात ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीच्या कोडमधून २००६ मध्ये काही ओळी काढल्या गेल्या होत्या. त्यामुळे किल्ली बनवताना लागणारी यदृच्छा जवळपास नाहीशी झाली, आणि एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्ल्या जेमतेम बत्तीस हजारांच्या घरात उरल्या. त्या सगळ्या बनवून एकेक लावून बघणं सोपं होतं. खरी पंचाईत पुढेच होती: किल्ली डेबियनच्या लॅपटॉपवर बनलेली, पण ठेवलेली भलत्याच सर्व्हरवर. म्हणून डेबियनशी संबंध नसलेल्यांनाही आपापल्या फाइली धुंडाळाव्या लागल्या. कोणती किल्ली कुठे ठेवलीय याची नोंद ज्यांच्याकडे होती, त्यांचं काम लवकर उरकलं.

२०१० मध्ये ओपनएसएसएचमध्ये मुदत घालता येणारी प्रमाणपत्रं आली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने एसएसएचच्या किल्ल्या कशा सांभाळाव्यात यावर स्वतंत्र मार्गदर्शन काढलं. साधनं आहेत, पण साध्या सार्वजनिक किल्लीला आजही आपोआप मुदत लागत नाही, आपण काही केलं नाही तर ती चालतच राहते.

तुमच्या हाताखाली एक जरी सर्व्हर असेल तर ती फाइल आजच उघडा. ज्या ओळीचा धनी सापडत नाही ती आधी वेगळी काढा, चौकशी करा आणि उत्तर मिळालं नाही तर पुसून टाका.