सेल-चित्र : संग्रह आणि जतन

अ‍ॅनिमेशनपटासाठी पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पानावर हाताने रंगवलेले मूळ चित्र म्हणजे सेल. नाव सेल्युलॉइडवरून आले. सुरुवातीची पाने सेल्युलोज नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. पुढे सेल्युलोज अ‍ॅसिटेट रूढ झाले. उल्हासनगरला लागून असलेल्या शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये लाकडाच्या लगद्यापासून धागा निघतो. तो धागा आणि सेलचे पान, दोहोंचे मूळ सेल्युलोजच.

अमेरिकेतील अर्ल हर्ड यांनी १९१४ मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. स्थिर पार्श्वभूमीवर फक्त हलणारे पात्र ठेवायचे, म्हणजे प्रत्येक वेळी घर-झाडे पुन्हा काढावी लागत नाहीत. रेषा पुढच्या बाजूने काढत, रंग मागून भरत. त्यामुळे कुंचल्याचे फटकारे पडद्यावर दिसत नसत. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटी चालवले तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात. चित्रण झाले की सेल पुसून पुन्हा वापरत किंवा टाकून देत. ‘स्नो व्हाइट’ (१९३७) या डिस्नेपटाचे सेल सॅन फ्रान्सिस्कोच्या कुर्व्हाझिए गॅलरीने १९३८ पासून विकायला काढले, तेव्हा या उरलेल्या मालाला चित्राचा मान मिळाला.

महाराष्ट्रात दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ काढला. काड्या थोड्याथोड्या सरकवून चौकटीमागून चौकट टिपायची, असे ते काम. त्यात जपून ठेवण्याजोगे चित्र मागे उरत नाही. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ मध्ये कार्टून विभाग निघाला. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि १९५७ मध्ये ‘द बॅनियन डिअर’ तयार झाला. अ‍ॅनिमेशनकार राम मोहन याच विभागात घडले. पुढे युगो साको आणि कोइची सासाकी यांच्यासह त्यांनी ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ दिग्दर्शित केला. २०२५ च्या जानेवारीत तो मोठ्या पडद्यावर परत आला. उल्हास खोऱ्यातल्या संग्राहकाने आवडता चित्रपट म्हणून त्याच्यापासून सुरुवात करावी, असे प्रस्तुत नोंदकाराला मनापासून वाटते.

अस्सल सेलच्या कडेला बहुधा खुंट्यांवर बसवण्याची भोके आणि कोपऱ्यात थराचे अक्षर व क्रमांक असतो. तिरप्या उजेडात पाठीमागच्या रंगाची जाडी कळते. जपानी सेलला बहुधा पेन्सिलीचा मूळ आराखडा चिकटलेला मिळतो. विक्रीसाठीच छापलेल्या प्रतीही सेल म्हणून विकल्या जातात. त्या कॅमेऱ्याखाली कधीच गेलेल्या नसतात. बाजारात किंमत चढते ती डोळे उघडे, चेहरा समोर आणि पात्र पूर्ण असलेल्या चित्राला. पण पाऊल उचलतानाचा, अर्धवट वळलेला मधला सेल हालचालीचे गुपित अधिक सांगतो. सलग क्रमांकाचे सेल एकत्र मिळाले तर ते फोडून विकणे हे नुकसानच.

उल्हास नदीच्या खोऱ्यात हे सगळे टिकवणे अवघड. ओल आणि उष्णतेने अ‍ॅसिटेटमधून अ‍ॅसेटिक आम्ल सुटते, व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, पान आक्रसून लाटा धरते, रंग सुटतो. सुटलेली वाफ शेजारच्या सेललाही बिघडवते. म्हणून वासाचा सेल त्याच दिवशी वेगळा करावा. हवाबंद पिशवी घातक, कारण आम्ल आतच कोंडते. आम्लरहित कागद मध्ये घालून, हवा खेळेल अशा पेटीत सेल आडवे ठेवावेत. लॅमिनेशन तर कधीच नको. हवा अगदी कोरडी केली तरी रंगाला तडे जातात. चिकटलेला आराखडा ओढून काढू नये, त्याच्याबरोबर रंगही येतो. पावसाळ्यात पाझरणाऱ्या भिंतीला लागून पेटी नको. बदलापुरात २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये नदीचे पाणी घरांत शिरले होते. तळमजल्यावर राहणाऱ्याने पेटी माळ्यावरही ठेवू नये, पत्र्याखालच्या उष्णतेत ती तशीच खराब होते. वरच्या मजल्यावरच्या नातलगाकडे, आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवावी आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत एकेक पान उघडून, हुंगून, क्रमांकासह त्याचे छायाचित्र काढावे.