निवडणुकीचं पान कोणी, कधी बदललं?

भिंगारमध्ये 'बोर्ड' म्हटलं की कॅन्टोन्मेंट बोर्ड. त्याचा अध्यक्ष निवडून येत नाही, स्टेशन कमांडरच पदसिद्ध अध्यक्ष असतो. लोक निवडतात ते वॉर्डातले सदस्य. देशातल्या बहुतेक कॅन्टोन्मेंट बोर्डांची मुदत फेब्रुवारी २०२१ मध्ये संपली. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ५७ बोर्डांसाठी ३० एप्रिल ही मतदानाची तारीख जाहीर केली, आणि मार्चमध्ये ती अधिसूचनाच मागे घेतली.

समजा, या न झालेल्या निवडणुकीचा इतिहास तुम्हाला लिहायचाय. हातात काय येतं? राजपत्रातल्या अधिसूचना आणि पेपरातल्या बातम्या. निर्णय दिसतो, तिथपर्यंतची वाट दिसत नाही. तयारी कोणी सुरू केली होती, कोण नाराज झालं, हे कळायला भिंगारच्या गल्ल्यांतून मुलाखती घेत फिरावं लागेल. आणि ते लवकर करायला हवं, कारण माणसं विसरतात.

आता दुसरं एक बोर्ड बघा. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचं विश्वस्त मंडळ. त्याची पहिली निवडणूक २००४ मध्ये झाली, तेव्हा अँजेला बीझली आणि फ्लोरेन्स देवुआर निवडून आल्या. या निवडणुकांची पानं 'मेटा-विकी'वर असतात: वेळापत्रक, मतदाराची पात्रता, उमेदवारांची निवेदनं, त्यांना विचारलेले प्रश्न, निकाल. मतदान मात्र गुप्त, वेगळ्या प्रणालीतून होतं. पान उभं करणं म्हणजे कारकुनी काम, असं वाटेल. पण पात्रतेची एक ओळ बघा. २०२१ मध्ये सामान्य संपादकाला मत द्यायला ५ जुलैपूर्वी किमान ३०० संपादनं हवी होती, शिवाय त्याआधीच्या सहा महिन्यांत किमान २०. या एका ओळीने मतदार कोण ते ठरलं! त्या वर्षी मतदान पसंतीक्रमाच्या पद्धतीने झालं, आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात उमेदवारांपुढे १, २, ३ लिहितात तशीच. चार जागा होत्या, आणि ही पद्धत समजावून सांगणं हेही त्या पानांचंच काम झालं.

संशोधकाला खरी चंगळ आहे ती 'इतिहास' या टॅबमध्ये. प्रत्येक बदलाला तारीख, वेळ आणि सदस्यनाव असतं, दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक बघता येतो. नियम मतदानाआधी बदलला की नंतर, हे वाद न घालता तपासता येतं. राजपत्राला असा टॅब नाही.

पण हुरळून जाऊ नका. बदल कोणी केला ते इतिहास सांगतो, का केला ते सांगेलच असं नाही. समितीच्या बैठका आणि ईमेल तिथे नसतात. काही आवृत्त्या प्रचालक लपवूही शकतात. टोपणनावामागचा माणूस शोधून त्याचं खरं नाव प्रबंधात छापणं तर चूकच. आमच्या विज्ञानवाल्यांना लॉगमधला आकडा म्हणजे पुरावा असं वाटायची सवय असते, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

सुरुवात करायची असेल तर प्रश्न छोटा घ्या. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, म्हणजे पहिल्या निवडणुकीच्याही आधीपासून. मग कुठल्याही एका वर्षाचं निवडणुकीचं पान उघडा, मराठी भाषांतर आहे का बघा. असेल तर त्याचा इतिहास उघडून तारखा उतरवून घ्या: पात्रतेचा नियम मराठीत आला तो मतदान सुरू होण्याआधी, की संपल्यावर?