हजेरीपटापासून मोबाइलपर्यंत : जालना जिल्ह्यातल्या मदतकार्याचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. हातात मोबाइल आल्यानं दुष्काळातलं, संकटातलं मदतकार्य खरंच सुधारलं का? आज आपण हा प्रश्न जालना जिल्ह्यापुरता घेऊन बघू. उत्तर थोडं आधीच सांगून टाकतो: फोनमुळे हाक लवकर पोचते. पण हाक पोचली म्हणजे मदत पोचली, असं होत नाही.

सुरुवात 1972 पासून करू. तेव्हा जालना वेगळा जिल्हा नव्हता, तो झाला 1 मे 1981 ला. पण बहात्तरचा दुष्काळ इथल्या जुन्या माणसांना आजही तोंडपाठ आहे. खडी फोडणं, पाझर तलावाची माती वाहणं, दुपारची सुकडी, अमेरिकेतून आलेला लाल मिलो. मे 1973 मध्ये राज्यभरात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. एवढ्या माणसांचा हिशेब कशावर चालायचा? एका कागदावर. हजेरीपट, म्हणजे आपलं मस्टर.

मस्टरवर नाव लागलं तर मजुरी. नाव मुकादम लावणार, मस्टर तहसीलला जाणार, पैसे उशिरानं येणार. नाव गळालं तर दाद मागायला पायी तालुक्याला जायचं, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी 1977 मध्ये कायदा झाली आणि 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आली. तिनं एक मोठी गोष्ट केली. काम ही सरकारची मेहेरबानी उरली नाही, तो मजुराचा हक्क झाला. पण हक्काची दाद मागायचं अंतर तेवढंच राहिलं. ते अंतर हीच आपल्या आजच्या विषयाची खरी जागा.

आता एकदम 2019 च्या उन्हाळ्यात येऊ. टँकर चालू होते, त्यांच्यावर जीपीएस सक्तीचं झालेलं होतं. म्हणजे टँकर कुठे फिरतोय ते कार्यालयात दिसत होतं. पण गावात पाणी का पुरत नाही, ते नकाशावर दिसत नव्हतं. त्या मे महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जालन्यासह दुष्काळी जिल्ह्यांतल्या सरपंचांशी ऑडिओ ब्रिजवरून बोलणं सुरू केलं. एका बाजूला मुख्यमंत्री आणि अधिकारी, दुसऱ्या बाजूला आपापल्या गावात मोबाइल कानाला लावून बसलेले सरपंच. टँकर ठरत होते 2011 च्या जनगणनेवर, आणि गावं तर तेव्हापासून वाढलेली. म्हणून 2018 ची लोकसंख्या धरून पाणी द्या, असे आदेश निघाले.

इथे थांबून विचार करू. हे काम यंत्रानं केलं का? साधा फोनच होता तो. फरक एवढाच, की ऐकणाऱ्याच्या हातात नियम बदलायचा अधिकार होता. जीपीएसनं टँकरवर नजर ठेवली, फोनवरच्या बोलण्यातून टँकरचं गणित बदललं.

याची दुसरी बाजू वर्षभरातच दिसली, आणि ती जालन्याच्याच दारात. मे 2020, टाळेबंदी. इथल्या स्टील उद्योगातले मध्य प्रदेशचे मजूर घरी जायला निघाले होते. परवानगीसाठी आठवडाभर आधी अर्ज केला होता, उत्तर आलं नाही, असं नंतर वाचलेल्यांनी सांगितलं. 7 मे च्या संध्याकाळी ते रुळांच्या कडेनं भुसावळच्या दिशेनं चालू लागले. 35-40 किलोमीटर चालून करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. टाळेबंदीत गाड्या बंद असतील, असं त्यांना वाटलं. 8 मे च्या पहाटे मालगाडी आली. 16 जण गेले.

बहात्तर साली तालुक्याला पायी जाणाऱ्या मजुराला निदान माहीत असायचं, की आपण कोणत्या दारात उभे आहोत. या माणसांना ते दारही दिसत नव्हतं.

त्याच काळात उलट उदाहरणही घडत होतं. 'स्वान' म्हणजे 'स्ट्रँडेड वर्कर्स ॲक्शन नेटवर्क' हे स्वयंसेवकांचं जाळं देशभर अडकलेल्या मजुरांचे फोन घेत होतं. 15 एप्रिल 2020 च्या त्यांच्या पहिल्या अहवालात 11,159 मजुरांशी झालेल्या संपर्काची माहिती आहे. किती दिवसांचं धान्य उरलंय, मजुरी मिळाली का, हे विचारायचं आणि गरज असेल तिथे थोडे पैसे थेट खात्यावर पाठवायचे. जगातही हाच अनुभव आहे. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा 4636 या क्रमांकावर लोक एसएमएस पाठवत होते. पण ते होते तिथल्या क्रेओल भाषेत. परदेशी राहणाऱ्या हैतीच्या लोकांनी त्यांचा अनुवाद केला, तेव्हा कुठे ते बचाव पथकांना कळले.

आणि मस्टरचं काय झालं? तेही मोबाइलमध्ये आलं. मे 2021 मध्ये मनरेगाच्या हजेरीचं ॲप आलं, 1 जानेवारी 2023 पासून ते जवळपास सगळ्या कामांना सक्तीचं झालं. कामाच्या जागेवरून दिवसातून दोनदा फोटो. हेतू चांगला, खोट्या हजेऱ्या थांबाव्यात. पण जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्रक काढून सांगावं लागलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचे फोटो चढवले जात आहेत. म्हणजे लबाडीनं वाट शोधली. आणि रेंज नसलेल्या शिवारात प्रामाणिकपणे माती उचलणाऱ्या बाईनं फोटो चढला नाही म्हणून कुठे जायचं? पुन्हा तालुक्याला.

आपल्यापैकी बरेच जण लहान संस्थांत, मंडळांत काम करतात. पुढचा दुष्काळ येईल तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुप निघेल, ऑनलाइन फॉर्म निघेल. निघू द्या. पण त्याआधी तीन गोष्टी ठरवा. आलेला फोन कोण उचलणार, त्या माणसाला किती रुपयांपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेता येणार, आणि "नाही जमणार" हे उत्तरसुद्धा किती तासांत कळवणार. नकार वेळेवर कळला तर माणूस दुसरं दार ठोठावतो. काहीच कळलं नाही, तर तो चालायला लागतो.

आता प्रश्न घेऊ या.