सोला हॅट आणि उन्हाची भीती

वसाहतकाळातील हिंदुस्थानात गोरा अधिकारी, मोजणीदार किंवा छायाचित्रकार जी फुगीर माथ्याची आणि रुंद कडेची टोपी घालून उन्हात उतरे, तिला सोला हॅट म्हणत. या नावाचा संबंध पुष्कळदा सूर्याशी जोडला जातो, परंतु ते बंगालच्या पाणथळ जमिनीत उगवणाऱ्या शोला या वनस्पतीवरून आलेले आहे. शोल्याच्या खोडाचा पांढरा, सच्छिद्र गाभा अतिशय हलका असल्याने त्याचे पातळ पापुद्रे काढून ते साच्यावर थरांनी चिकटवीत आणि वरून कापड चढवीत. डोक्याभोवतीची पट्टी आणि टोपीचे कवच यांच्यामध्ये मोकळी जागा असे व माथ्यावर झरोका असे, त्यामुळे हवा खेळती राही आणि डोळ्यांवर व मानेवर सावली पडे. सावली, वारा आणि हलकेपणा हे तिन्ही गुण एकत्र साधणारी अशी टोपी क्वचितच घडली असेल. तिचा खरा दोष एवढाच की पावसात शोला पाणी शोषून मऊ पडे.

तिचे समर्थन मात्र वेगळ्याच आधारावर केले गेले, आणि तो आधार छायाचित्रणाच्या विद्येतून आला होता. १८०१ साली योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाला असे आढळले की वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तेथेही चांदीचा क्षार काळवंडतो. अशी रासायनिक क्रिया घडविणाऱ्या किरणांना पुढे ‘ॲक्टिनिक’ किरण म्हणू लागले. छायाचित्राची काच तांबड्या प्रकाशात सुरक्षित राहते, हे अंधारखोलीत काम करणाऱ्यास ठाऊक होते. चार्ल्स वुडरफ या अमेरिकी लष्करी डॉक्टराने १९०५ च्या आपल्या ग्रंथात हेच किरण गोऱ्या माणसाच्या मज्जासंस्थेस घातक असल्याचे प्रतिपादले, आणि मग जे काचेला लागू तेच कातडीला, अशा समजुतीने टोप्यांना व पाठीच्या कण्यावरील गाद्यांना तांबडे अस्तर लावण्यात येऊ लागले. फिलिपिन्समधील अमेरिकी सैनिकांना नारिंगी-तांबडे अंतर्वस्त्र देऊन घेतलेल्या चाचणीत कोणताही लाभ दिसला नाही. तरीही ही भीती सहजासहजी ओसरली नाही.

विलायतेहून मुंबईकडे निघालेला प्रवासी पोर्ट सैद येथे सोला हॅट विकत घेई आणि नोकरी संपवून परतताना ती समुद्रात फेकून देई, असा रिवाजच पडला होता. हिंदी माणसाच्या दृष्टीने ती राज्यकर्त्याची खूण ठरली, आणि मुंडासे किंवा पागोटे बांधून त्याच उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याचा दाखला समोर असताना डॉक्टरी सिद्धान्तापेक्षा वर्णाभिमानच अधिक बोलत होता, असे म्हणणे भाग आहे. महात्मा गांधींनी मात्र १९२९ मध्ये ‘यंग इंडिया’त या टोपीच्या उपयुक्ततेची मोकळेपणाने वाखाणणी केली आणि तिच्याविरुद्धचा राष्ट्रीय पूर्वग्रह नसता तर आपण तिचा प्रसार केला असता, असे सांगितले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सैनिक साध्या फेल्ट हॅट घालून लढले आणि उष्माघाताचे कारण डोक्यावर पडणारे किरण नसून सर्व शरीरात साठणारी उष्णता आहे, हे मान्य होत गेल्यावर सोला हॅटचा व्यवहार मंदावला. बंगालमधील मालाकार कारागीर त्याच शोल्याचा नवरदेवाचा टोपोर, म्हणजे लग्नातील उंच मुकुट, आजही घडवितात.