पुढचं चाक 21 इंच

अ‍ॅडव्हेंचर टूरिंग गाडी घ्यायला निघालेला माणूस माहितीपत्रकात आधी सीसी बघतो, मग बीएचपी. माझ्या मते त्याने आधी पुढच्या चाकाचा आकडा बघावा. 19 की 21? गाडी कुठल्या वाटेसाठी घडवलीय ते तिथे कळतं, आणि या गाड्यांचं कूळही तिथेच सापडतं.

हे मोठं, अरुंद चाक मूळचं चिखल-दगडांतल्या शर्यतींचं. डांबरी रस्त्यावरच्या गाड्यांची चाकं लहान होत गेली, पण मोटोक्रॉस आणि एंड्युरोच्या गाड्यांनी पुढचं 21 सोडलं नाही. 90/90-21 हा टायर घ्या. रुंदी 90 मिलिमीटर, उंची तिच्या 90 टक्के म्हणजे 81, आणि रिम 21 इंची. एकूण व्यास साधारण 695 मिलिमीटर. शहरी गाडीचा 110/70-17 टायर जेमतेम 586 भरतो. मोठं चाक दगडाला कमी उभ्या कोनात भिडतं आणि त्यावर चढून जातं, लहान चाक आदळतं. अरुंद टायर वरचा चिखल कापून खालची घट्ट जमीन पकडतो.

हे चाक लांब पल्ल्याच्या गाडीत कसं आलं ते बघू. पॅरिसहून वाळवंट ओलांडून आफ्रिकेतल्या डकारला जाणारी पॅरिस-डकार रॅली 1979 आणि 1980 ला सिरिल नव्हूने यामाहा एक्सटी 500 वर जिंकली. हलकी, एका सिलिंडरची गाडी. बीएमडब्ल्यूने 1980 साली खरं धाडस केलं. आर 80 जी/एस या गाडीत 797 सीसीचं दोन सिलिंडरचं बॉक्सर इंजिन, 50 बीएचपी, साखळीऐवजी शाफ्ट, आणि पुढे तेच 21 इंची चाक. सामान लादून महामार्गावर दिवसभर पळेल आणि रस्ता संपला तरी थांबणार नाही, अशी ही गाडी. पुढच्याच वर्षी ह्युबेर ओरिओलने बीएमडब्ल्यूवर डकार जिंकली. 1987 ला होंडाच्या 583 सीसी ट्रान्सअल्पने पुढे 21, मागे 17 ही जोडी मध्यम गाडीत आणली.

मग खुद्द बीएमडब्ल्यूच बदलली. 1994 च्या आर 1100 जीएसला पुढे 19 इंची चाक आलं. या जड गाड्या बहुतेक डांबरावरच धावतात, आणि तिथे 19 इंची चाक वळणात चटकन झुकतं, रुंद टायर पकडही जास्त देतो.

मोठ्या चाकाला बहुधा तारांचे स्पोक असतात, कारण ते मार खाऊन लवचिक राहतात. पण साध्या स्पोकच्या रिमला निपलांसाठी, म्हणजे स्पोक आवळणाऱ्या नटांसाठी, भोकं असल्याने आत ट्यूब लागते. घाटात पंक्चर झालं तर अ‍ॅक्सल काढा, टायर लिव्हरने कडा उचला, ट्यूब ओढून काढा. बीएमडब्ल्यूने आर 100 जीएसमध्ये स्पोक रिमच्या कडेला बसवून ट्यूब वगळली. माझ्या लेखी हा शोध इंजिनातल्या सुधारणांच्या तोडीचा आहे.

भारतात रॉयल एनफील्डने 2016 साली हिमालयन आणली. 411 सीसी, 24.5 बीएचपी, म्हणजे ताकद बेताचीच. पण चाकं 21 आणि 17. चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर 2020 ला आली ती 43 बीएचपी आणि अलॉयचं 19 इंची चाक घेऊन. ताकद जास्त, पण दगडधोंड्यांवर चालवणाऱ्यांना ते चाक खटकत राहिलं. 2025 च्या नव्या 390 अ‍ॅडव्हेंचरला पुढे 21 इंची, स्पोकचं आणि ट्यूबलेस चाक मिळालं. ज्यांना डांबरच पुरतं त्यांच्यासाठी एक्स नावाच्या स्वस्त आवृत्तीत 19 अजून आहे.