माणसाचे मोल कोणी ठरवायचे?

‘ज्याचे सत्य त्याच्यापाशी’ असे आज आपल्या घराघरांत म्हटले जाते. दुसऱ्याच्या मताचा आदर करणे हा सद्गुणच होय. परंतु बरे काय आणि वाईट काय, हेही ज्याने त्याने काळवेळ पाहून ठरवावे, असे म्हणणे निराळे. या विचारसरणीला नैतिक सापेक्षतावाद म्हणतात. ती सत्तेच्या हाती पडली की काय घडते, याची साक्ष जर्मनीच्या इतिहासात सापडते.

१९२० साली, हिटलर सत्तेवर येण्यापूर्वी तेरा वर्षे, कायदेपंडित कार्ल बिंडिंग व मनोविकारतज्ज्ञ आल्फ्रेड होखे यांचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. जगण्यास अपात्र अशा जीवनाचा अंत करण्याची मुभा असावी, असे त्यात प्रतिपादन होते. लेखक गुंड नव्हते. विद्यापीठांत अध्यापन केलेले विद्वान होते. मनुष्यहत्या चांगली असे त्यांनी म्हटले नाही. काही माणसांची हत्या ही हत्या मानू नये, एवढेच सुचविले. पुढे नाझी राजवटीला हा युक्तिवाद आयताच मिळाला.

ऑक्टोबर १९३९ मध्ये हिटलरने असाध्य रुग्णांना ‘दयामरण’ देण्याचा अधिकार काही वैद्यांकडे सोपविणाऱ्या पत्रावर सही केली. तारीख मात्र १ सप्टेंबर, म्हणजे युद्धारंभाची घातली. बर्लिनमधील कार्यालयाच्या पत्त्यावरून ही योजना ‘टी-४’ म्हणून ओळखली जाते. मनोरुग्ण, मतिमंद व अपंग यांच्या माहितीपत्रकांवर तज्ज्ञ खुणा करीत. रुग्णाचे तोंडही बहुधा पाहत नसत. हाडामार, हार्टहाइम आदी सहा केंद्रांत विषारी वायूने त्यांचा प्राण घेतला जाई आणि घरी खोटे कारण लिहिलेले पत्र जाई. ऑगस्ट १९४१ पर्यंत या केंद्रांत ७०,२७३ जणांचा बळी गेल्याची नोंद त्या योजनेच्याच कागदपत्रांत आहे.

३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टर येथील संत लाम्बर्ट मंदिरात बिशप क्लेमेन्स आउगुस्ट फोन गालेन प्रवचनाला उभे राहिले. आपण सरकारी वकिलाकडे खुनाची रीतसर तक्रार केल्याचे त्यांनी सांगितले. निरुपयोगी माणसाला मारता येते हे तत्त्व एकदा मान्य केले, तर वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, युद्धात पांगळे झालेले सैनिक, कोणीच सुरक्षित राहणार नाही, असा त्यांचा इशारा होता. पाचव्या आज्ञेला त्यांनी अपवाद जोडू दिला नाही.

त्या प्रवचनाच्या प्रती गुपचूप हातोहाती फिरल्या. ल्यूबेक येथील योहानेस प्राझेक, एडुआर्ड म्युलर व हेर्मान लांगे हे तीन धर्मगुरू आणि लुथरन पाळक कार्ल फ्रीडरिश श्टेलब्रिंक यांनी गालेन यांची प्रवचने वाटली. त्यांना अटक झाली आणि १० नोव्हेंबर १९४३ रोजी हॅम्बुर्गमध्ये चौघांचा शिरच्छेद करण्यात आला.

२४ ऑगस्ट १९४१ रोजी हिटलरने विषारी वायूची ही केंद्रे थांबविण्याचा आदेश दिला. तथापि उपासमार व औषधे यांच्या साहाय्याने हत्या चालूच राहिल्या, आणि योजनेतील अनेक कर्मचारी पोलंडमधील यहुद्यांच्या मृत्युछावण्यांत नेमले गेले. अपवाद एकदा मान्य झाला की त्याची व्याप्ती वाढतच जाते.

येथे एक कटू गोष्टही नमूद केली पाहिजे. यहुद्यांच्या छळाविरुद्ध गालेन यांनी असा जाहीर आवाज उठविला नाही. बर्लिनचे धर्मगुरू बर्नहार्ड लिश्टेनबेर्ग मात्र नोव्हेंबर १९३८ पासून यहुद्यांसाठी उघडपणे प्रार्थना करीत. त्यांना कैद झाली आणि १९४३ मध्ये डाखाऊ छावणीकडे नेले जात असता त्यांचे निधन झाले. सत्य सर्वांसाठी एकच असेल, तर ते केवळ आपल्या माणसांसाठी बोलून भागत नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९३ च्या ‘व्हेरितातिस स्प्लेंदोर’ या परिपत्रकात हीच शिकवण मांडली: काही कृत्ये स्वभावतःच वाईट असतात, हेतू वा परिस्थिती त्यांना चांगली करू शकत नाही. प्रत्येक मनुष्य देवाच्या प्रतिमेत निर्माण झाला आहे; म्हणून त्याचे मोल त्याच्या उपयुक्ततेवर ठरत नाही.

आपल्या घरी अंथरुणाला खिळलेली आजी असेल, मतिमंद लेकरू असेल, किंवा गर्भातील बाळात व्यंग असल्याचे वैद्यांनी सांगितले असेल, तेव्हा खर्चाचा आणि त्रासाचा हिशेब मनात येतो. तो येणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. मात्र त्या हिशेबावर एखाद्याच्या जगण्याचा निर्णय आपण सोपवू नये, आणि अशा कुटुंबाचा भार वाहण्यास सर्व धर्मग्रामाने पुढे यावे.