बाबांचा संसार आणि ‘मी’

आधुनिक मराठी कथेतील स्त्रीच्या आत्मशोधाचा विचार आपण बहुधा प्रेमापासून सुरू करतो. विभावरी शिरूरकर यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) हा संग्रहही असाच वाचला गेला: शिकलेल्या प्रौढ कुमारिकांची भावनिक आणि लैंगिक उपासमार. शीर्षकातील ‘निःश्वास’ या शब्दाने या वाचनाला हातभारच लावला, असे आम्हांस वाटते.

वस्तुतः या कथांतील बंडाचे मूळ पगारात आहे. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे एका कथेचे नावच पाहावे. मुलगी शिकते, नोकरीला लागते, तिच्या मिळकतीची घराला सवय होते आणि तिचे लग्न लांबत जाते. मुलगा कमावू लागला की घरातला कर्ता ठरतो. मुलगी कमावती होते, पण कर्ती होत नाही. तिच्या पैशाला घरात जागा आहे, तिच्या इच्छेला नाही. त्या नावातला ‘माझा’ हा शब्द या जमाखर्चातून आलेला आहे, आणि म्हणूनच तो झोंबला.

‘मी’ म्हणून बोलणारी नायिका मराठीत नवी नव्हती. हरिभाऊ आपट्यांची यमू १८९० पासून ‘करमणूक’च्या अंकांतून आपली कहाणी सांगत होती, आणि ती कहाणी आजही काळीज हलवते. परंतु यमूचा ‘मी’ वाचकाकडे करुणा मागतो. शिरूरकरांची नायिका हिशेब मागते. करुणा देणे समाजाला नेहमीच सोपे जाते.

पुस्तक निघताच वादळ उठले, आणि कथांइतकीच चर्चा झाली ती ‘ही विभावरी कोण?’ याची. टोपणनावामागे होत्या बाळूताई खरे, कर्व्यांच्या महिला विद्यापीठातून पदवी घेतलेल्या आणि स्वतः नोकरी करणाऱ्या. टोपणनाव म्हणजे केवळ बुरखा, हा समज आम्हांस पुरेसा वाटत नाही. ‘खरे’ हे वडिलांचे नाव. ‘विभावरी’, म्हणजे रात्र, हे मात्र त्यांनी स्वतः निवडलेले. १९३८ मध्ये विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. तोवर गुपित फुटलेले होते आणि लपण्याचे कारण उरले नव्हते. तरीही ‘बळी’ (१९५०) आणि पुढे ‘शबरी’ (१९५६) या कादंबऱ्या आल्या त्या विभावरी शिरूरकर याच नावाने.